नागिणीत सोडियम का उतरतं, आणि उन्हाळ्यातही पाणी का मोजून देतात

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा: वडील ७३ वर्षांचे. बारा दिवसांपूर्वी उजव्या बाजूला छातीपासून पाठीपर्यंत नागीण उठली. आधी गेरू लावला, एकाकडून उतरवून घेतली, चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. आता फोड सुकत आले आहेत, पण तीन दिवसांपासून मळमळ, जेवण बंद आणि रात्री असंबद्ध बोलणं. तालुक्याला रक्त तपासलं तर सोडियम ११८ निघालं (एरवी ते १४० च्या आसपास असतं), म्हणून जिल्ह्याला भरती केलं. तिथले डॉक्टर म्हणतात हार्मोनचा बिघाड आहे, दिवसाला एक लिटरच्या आतच पाणी द्या. मुलाचे प्रश्न तीन. अंगावरच्या फोडांनी रक्तातलं सोडियम कसं उतरेल? मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाचं पाणी तोडणं बरोबर आहे का? आणि मीठच कमी पडलंय तर सरळ मीठ का खाऊ घालत नाहीत?

भाऊ, पहिलं म्हणजे भरती केलंत हे चांगलं केलं. ११८ आणि त्यात बडबड, हा घरी ठेवण्याचा पेशंट नाही. आपल्याकडे अशा वेळी ‘नागीण डोक्यात चढली’ म्हणतात आणि पुन्हा उतरवणाऱ्याकडे नेतात, त्यात दोन दिवस जातात. माझ्याकडे असाच एक बुढा आणला होता. सुनेनं दारातूनच सांगितलं, “सायेब, रातभर बडबडून रायला. मेलेल्या बैलाले हाका मारते.” त्याचं सोडियम ११६ होतं. नागीण डोक्यात चढली नव्हती, पण मेंदूच्या पेशींत पाणी शिरलं होतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सोडियम ‘कमी’ आलं म्हणजे शरीरातलं मीठ संपलं असं नव्हे. रिपोर्टमधला आकडा एका लिटरमागे किती, असा असतो. कपाशीवर फवारताना पंधरा लिटर पाण्याच्या मापाचं औषध घेतलं, पण पाणी अठरा लिटर घातलं, तर औषध तेवढंच राहून फवारा पातळ होतो. तुमच्या वडिलांच्या अंगात बहुधा तसंच झालं आहे. ढोबळ हिशेब करा. पन्नास किलोच्या म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात साधारण २५ लिटर पाणी असतं. त्यात तीन लिटर जास्तीचं साचलं की १४० चं सोडियम १२५ वर येतं, मिठाचा एक कणही बाहेर न जाता. ही तीन लिटरं पायावर सूज म्हणून दिसत नाहीत. सगळ्या अंगात सारखी पसरतात, म्हणून ‘पाणी जास्त झालंय’ यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

नेहमीच्या माणसाला तीन लिटर पाणी जास्त झालं तर तो दोन-चार वेळा जास्त लघवीला जाईल आणि विषय मिटेल. हे काम एका हार्मोनच्या ताब्यात आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथे ते तयार होतं आणि खाली लटकलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात सुटतं. नाव व्हॅसोप्रेसिन, आम्ही एडीएच म्हणतो. त्याचा निरोप मूत्रपिंडाला एकच: पाणी सोडू नकोस. उन्हात राबून आलात, घाम गेला, की हे सुटतं आणि लघवी थोडी, गडद होते. पाणी प्यायलात की हे थांबतं. पाटाचं दार आहे असं समजा. अंगात पाणी भरपूर असूनही हे दार बंदच राहिलं, की सोडियम उतरत जातं. १९५७ साली श्वार्ट्झ आणि बार्टर या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दोन रुग्णांत हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला. पुढे न्यूमोनिया, टीबी, मेंदूज्वर, डोक्याला मार आणि बऱ्याच औषधांमुळेही तो होतो हे कळलं. तुमच्या डॉक्टरांनी ‘हार्मोनचा बिघाड’ म्हटलं ते हेच असणार. हार्मोन म्हटलं की लोक थायरॉईडची गोळी मागतात, म्हणून इतकं लांबण लावलं.

मग नागिणीचा संबंध काय? नागीण हा कातडीचा रोग दिसतो, पण त्याचं बिऱ्हाड मज्जातंतूत असतं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मणक्याशेजारच्या नसांच्या गाठींमध्ये पन्नास-साठ वर्षं पडून राहतो. वय, मधुमेह, स्टेरॉईड, कॅन्सरचे उपचार, एचआयव्ही, यांनी प्रतिकारशक्ती ढिली झाली की एका नसेच्या वाटेनं खाली उतरतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला आणि मधल्या रेषेपाशी थांबलेला. (तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, ही भीती अर्धी खोटी आहे. जुळल्यानं कुणी मरत नाही. पण पुरळ मधली रेष ओलांडून अंगभर पसरू लागली, तर आतली प्रतिकारशक्ती फारच ढासळली आहे असं आम्ही धरतो आणि माणसाला भरती करतो.)

या नसेच्या जळजळीत एडीएच सुटायची कारणं एकाहून जास्त आहेत. जबर वेदना हे एक. मळमळ हे दुसरं, आणि ते फार जोरदार आहे. गंमत अशी की सोडियम उतरलं की मळमळ होते आणि मळमळीनं एडीएच आणखी सुटतं. विषाणू मेंदूत किंवा त्याच्या आवरणात शिरला तर थेट हायपोथॅलॅमसलाच धक्का बसतो, विशेषतः कपाळ-डोळ्याच्या नागिणीत किंवा अंगभर पसरलेल्या रोगात. छातीच्या पट्ट्याबाबत असा कयास आहे की, छातीतून ‘रक्तात पाणी पुरेसं आहे’ हा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसांचं काम विस्कटतं. नागिणीच्या दर पेशंटला हे होत नाही, फार थोड्यांना होतं. पण सत्तरीपुढचा माणूस, नागीण आणि नवी बडबड, एवढं एकत्र दिसलं की मी सोडियम पाहिल्याशिवाय पुढचं बोलत नाही.

विषाणूच्या जोडीला आपणही हातभार लावतो. नागीण म्हणजे उष्णता, अशी समजूत. मग तासातासाला गडवाभर पाणी, सब्जा, शहाळं. पथ्य म्हणून अळणी वरण, नाहीतर नुसती पेज. मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायलाही लघवीत मीठ आणि प्रथिनांतून आलेला युरिया लागतो. खाणं नाही आणि पाणी भरपूर, म्हणजे दार बंद करून वर मोटर चालू ठेवण्यासारखं. त्यात बीपीची गोळी असते. गोळीच्या नावाशेवटी ‘एच’ असेल तर बहुधा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते आणि क्लोरथॅलिडोन म्हाताऱ्यांचं सोडियम एकट्याच्या जोरावरही पाडतात. नागिणीच्या दुखण्यासाठी दिलेलं कार्बामाझेपिन, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रॅमाडॉल, यांतलं कुठलंही भर घालू शकतं. रोज दोनदा घेतलेल्या साध्या दुखण्याच्या गोळ्यासुद्धा एडीएचचा जोर वाढवतात. तेव्हा घरी जा आणि वडिलांच्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट दवाखान्यात आणा. चिठ्ठी नको, पाकिटं आणा.

आता सलाईन. आपल्या भागात सलाईन लावलं नाही तर उपचार झाले असं कुणी मानत नाही, आणि तरुणपणी मीही मानत नव्हतो. तेव्हाची माझी एक चूक सांगतो. सत्तरीच्या एक बाई, बरगडीवर नागीण, सोडियम १२२, थोड्या गुंगीत. मी विचार केला, सोडियम कमी आहे, नॉर्मल सलाईनमध्ये मीठ आहे, लिटर-लिटरच्या दोन बाटल्या जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडियम ११७, आणि बाई हाकेला ओ देईनात. लॅबची चूक असेल म्हणून मी पुन्हा नमुना पाठवला, तरी तेच.

झालं असं. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. एडीएचच्या जोरात मूत्रपिंड फक्त पाणी अडवतं, मीठ अडवत नाही. त्यांची लघवी सलाईनच्या दुप्पट दाट होती. मग ते नऊच्या नऊ ग्रॅम मीठ अर्ध्या लिटर लघवीत बाहेर गेलं आणि उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहिलं. दोन बाटल्यांत लिटरभर पाणी मीच आत घातलं होतं. मग तीन टक्क्यांचं दाट सलाईन थोडं थोडं देऊन त्यांना वर काढलं. बाई वाचल्या, पण लघवी न तपासता सोडियमवर सलाईन लावायचं नाही हे त्या दिवसापासून डोक्यात बसलं.

लघवीवर मी इतका भर देतो ते यासाठी. तुमचा मेच्या उन्हाचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर लघवीतच आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. उन्हात घाम, जुलाब, उलट्या यांतून मीठ आणि पाणी दोन्ही जातं आणि वरून नुसतं पाणी प्यायलं की सोडियम उतरतं. अशा माणसाला पाणी तोडलं तर तो मूत्रपिंड घालवून बसेल. त्याला नॉर्मल सलाईन हवंच. म्हणजे आकडा तोच ११८, पण उपचार नेमके उलटे. फरक कसा करायचा? सुकलेल्या माणसाची जीभ कोरडी, नाडी जलद, उभं केलं की बीपी पडतं, आणि मूत्रपिंड मीठ घट्ट धरून ठेवतं. लघवीत सोडियम वीसच्या आत, असं सहसा सापडतं. एडीएचवाल्या माणसाची जीभ ओली, बीपी ठीक, आणि रक्तात सोडियम कमी असूनही लघवीत ते तीस-चाळीसच्या वर निघतं. वर सांगितलेली बीपीची ‘एच’वाली गोळी चालू असेल तर मात्र हा आकडा फसवतो. सोबत रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे ती किती दाट आहे याची तपासणी करतात. रक्ताची २७५ च्या खाली असताना लघवीची शंभराच्या वर, म्हणजे दार उघडायला हवं तेव्हा बंद आहे. तालुक्याला हे होत नसेल तर नमुना जिल्ह्याला जातो, पण सलाईन लावण्याआधी बाटलीत लघवी धरून ठेवली तरी अर्धं काम झालं.

दोन खोट्या आकड्यांपासूनही सावध राहावं लागतं. साखर ४०० असेल तर नुसत्या साखरेनं सोडियम पाचेक अंकांनी खाली दिसतं. आणि ज्या हाताला ग्लुकोजची बाटली चालू, त्याच हातातून रक्त काढलं तर काहीही येतं. माझ्याकडे एकदा सोडियम १०४ चा रिपोर्ट घेऊन घाबरलेला पोरगा आला होता. म्हातारी बाहेर बाकावर बसून पानाला चुना लावत होती.

हार्मोनचा दुसरा एक बिघाड आहे, तो मला एडीएचहून जास्त धास्तावतो, कारण तो हुकला तर माणूस हाती लागत नाही. गुडघेदुखीची, दम्याची पुडी. वर्षानुवर्षं घेतात, गुण येतो, भूक लागते, चेहरा गोल होतो, हातावर जरा लागलं की निळं-जांभळं होतं. त्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. स्टेरॉईडनं प्रतिकारशक्ती ढिली होते आणि नागीण उठायला वाट मिळते. त्याच स्टेरॉईडनं मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी झोपी गेलेली असते. पुडी रोज मिळते म्हटल्यावर ती कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, बनवणं सोडून देते. नागीण झाली की घरचे घाबरून ‘आधीची सगळी औषधं बंद’ करतात. आजाराच्या ताणात शरीराला कॉर्टिसॉल जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते शून्यावर येतं.

अशी एक माउली आठवते. पाठीवर नागीण, आठवडाभरापूर्वी पुडी बंद, उलट्या, बीपी ८०, साखर ५८, सोडियम १२१. सलाईननं बीपी थोडं उचलायचं, परत पडायचं. मनगटावरचे जुने निळे डाग पाहिले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मुलाला विचारलं, “दुखण्याची पुडी घेत होत्या का?” तो म्हणाला, “हो, पण ते औषध नाही, पुडी आहे.” कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवलं आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. रिपोर्टची वाट पाहिली नाही. संध्याकाळी बाई उठून बसल्या आणि भाकर मागितली. कॉर्टिसॉल कमी पडलं की एडीएचवरचा लगाम सुटतो, म्हणून सोडियमही उतरतं, आणि कागदावर हे सगळं एडीएचच्या बिघाडासारखंच दिसतं. म्हणूनच कॉर्टिसॉल आणि थायरॉईड पाहिल्याशिवाय एडीएचवर शिक्का मारायचा नाही असा नियम आहे. टीबीनं ॲड्रिनल ग्रंथी खाल्ली तरी हाच प्रकार होतो, त्यात पोटॅशियमही चढतं आणि कातडी, हिरड्या काळवंडतात. तुमचे वडील अशी कुठली पुडी, दम्याच्या गोळ्या किंवा महिन्याचं इंजेक्शन घेत असतील तर आज रात्रीच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

बडबडीची आणखी दोन कारणं डॉक्टरांना मुद्दाम विचारा. एक, असायक्लोव्हिर, म्हणजे नागिणीच्या विषाणूवरचं औषध. नागिणीत ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा देतात, शक्यतो पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करून. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. नाही केली तर माणूस भ्रमात जातो, हातपाय झटकतो. रक्तातलं क्रिएटिनिन किती आहे ते पाहिलं की मूत्रपिंडाची ताकद कळते. दोन, विषाणू खरंच मेंदूत गेला असणं. ताप, मान आखडणं, झटका, किंवा सोडियम वर येऊनही गुंगी तशीच, असं असेल तर पाठीतलं पाणी तपासावं लागतं, आणि तेव्हा असायक्लोव्हिर शिरेतूनच हवं.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की दोन दिवस झाले तरी सोडियम १२७ वरच आहे, डॉक्टर हळू चाललेत. हळू चाललेत ते बरंच आहे. सोडियम बरेच दिवस खाली असलं की मेंदूच्या पेशी आपल्यातले काही घटक बाहेर टाकून त्याच्याशी जुळवून घेतात. मग ते एकदम वर नेलं तर मेंदूच्या खोडातल्या नसांवरचं आवरण फाटतं. दोन-चार दिवस माणूस सुधारल्यासारखा वाटतो, नंतर गिळता येत नाही, बोलता येत नाही, हातपाय लुळे पडतात, आणि ते परत आणायचं औषध नाही. म्हणून चोवीस तासांत आठाच्या आसपासच चढवायचं. झटका आला किंवा शुद्ध हरपली तरच तीन टक्क्यांचं सलाईन शंभर-दीडशे मिलिलिटर झटपट देतात. तेवढ्यानं चार-पाच अंक वर आले की जीव धोक्याबाहेर येतो. पुढची वाट पायीच चालायची. दोन दिवसांत ११८ चं १२७, हे अगदी बेतानं चाललंय.

आता तुम्ही काय करायचं. सकाळी एक लिटरची बाटली भरा आणि खाटेशेजारी ठेवा, दिवसभराचा कोटा तेवढाच. दूध, ताक, वरणाचं पाणी, संत्र्याचा रस, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातलंच. वरण पातळ नको, घट्ट द्या. भाकर, अंडं, पिठलं, मुगाची डाळ चालते. मीठ नेहमीच्या चवीचं, अळणी नाही आणि वरून चमचाभरही नाही. बीपी आणि हृदयाच्या माणसाला चमचाभर मीठ स्वतःच्या मनानं खाऊ घालणं हा वेगळाच धंदा होऊन बसतो. तोंड कोरडं पडलं की चूळ भरून थुंकायला लावा, ओठांना साजूक तूप लावा. खाट कूलरजवळ घ्या, कारण घाम येत असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. लघवी एका डब्यात मोजा आणि रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करा. सुट्टी झाल्यावर उन्हात गावी नेताना मात्र ‘पाणी कमी’ हा हुकूम पुढे किती दिवस चालवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. चार-पाच दिवसांनी सोडियम पुन्हा करा. बहुतेकांचं, नागीण आणि दुखणं ओसरलं की काही दिवसांत दार आपसूक उघडतं. त्या दिवशी लघवी पांढरी आणि भरपूर होते. तेव्हाही मनानं काही करू नका, डॉक्टरांना कळवा, कारण सोडियम एकदम वर उसळतं ते याच वेळी.

घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर फोडांवर खपल्या धरेपर्यंत त्यांना लांब ठेवा. नागिणीची लस आता आपल्याकडे मिळते, पन्नाशीपुढच्यांना दोन डोस, पण महाग आहे. आणि ती आत्ता घेण्याची गोष्ट नाही.

तुम्ही विचारलंय की दोन वेळचा चहा तोडावा का. तोडू नका. आजारी माणसाला संध्याकाळ तेवढ्यासाठीच बरी वाटते. अर्धा कप द्या, आणि बाटलीतलं तेवढं पाणी आधी काढून झाडाला घाला.